कीबोर्ड गप्प बसतो तेव्हा...

संगणक सुरू करावा आणि काळ्या पडद्यावर 'कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ कळ दाबा' अशा अर्थाचा संदेश झळकावा, हा संगणकाच्या दुनियेतील एक जुना विनोद. अनेकांनी तो ऐकलेला असतो, काहींनी प्रत्यक्ष अनुभवलेलाही असतो. कीबोर्डच नसेल तर एफ-१ दाबायची कशी, असे म्हणून हा संदेश हसण्यावारी नेला जातो. वस्तुतः 'कीबोर्ड जोडा आणि मग एफ-१ दाबा' एवढाच त्याचा साधा अर्थ. पण त्यामागे एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. कीबोर्ड 'नाही' हे संगणकाला कळले कसे?

त्याने काहीतरी विचारले असणार आणि उत्तर आले नसणार, हे उघड आहे. मात्र उत्तर न येण्याची कारणे अनेक असू शकतात. वायर निघालेली असेल, कीबोर्ड बिघडला असेल, तो अजून स्वतःचीच तपासणी करण्यात गुंतलेला असेल किंवा विचारलेला प्रश्न त्याला समजलाच नसेल. या चारही परिस्थितींत संगणकाच्या कानावर पडते ती एकच गोष्ट, शांतता. या शांततेचा अर्थ काय लावायचा, किती वेळ वाट पाहायची, किती वेळा विचारायचे आणि कोणत्या क्षणी हात टेकायचे, हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवावे लागते. संगणक सुरू होतानाच्या पहिल्या क्षणांत ते काम बायोस करतो. त्यानंतर ही जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टिममधील कीबोर्डच्या 'ड्रायव्हर'कडे येते.

ड्रायव्हर म्हणजे यंत्रभाग आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामधला दुभाषा. दाबलेल्या कळीचा क्रमांक वाचून तो वर कळवणे एवढेच काम असते, तर कीबोर्डचा ड्रायव्हर शंभरेक ओळींत आटोपला असता. लिनक्सच्या कर्नलमध्ये या कामासाठी असलेल्या दोन प्रमुख फायली मिळून तीन हजारांहून अधिक ओळी भरतात. चेक प्रोग्रामर वोयतेख पाव्लिक यांनी या फायलींचा पाया घातला आणि पुढे अनेकांनी त्यांत भर घातली. लिनक्सचा हा मजकूर सर्वांना वाचण्यासाठी खुला असल्याने त्यातील निर्णय तपासून पाहता येतात. वाचू गेल्यास लक्षात येते, की त्यातला मोठा भाग कीबोर्ड नीट चालत असतानासाठी नाहीच. तो चालत नसतानासाठी आहे.

एका दिव्याची कहाणी

हे सारे समजून घेण्यासाठी कीबोर्डवरील कॅप्स लॉकच्या दिव्याइतके सोपे उदाहरण नाही. कॅप्स लॉकची कळ दाबली की दिवा लागतो, पुन्हा दाबली की विझतो. कळ आणि दिवा एकाच कीबोर्डवर असल्याने त्या दोहोंची जोडणी कीबोर्डच्या आतच असावी असे वाटते. तसे नाही. कळ दाबल्याची बातमी आधी संगणकाकडे जाते. ऑपरेटिंग सिस्टिम ती वाचते, कॅप्स लॉक आता सुरू झाले अशी आपल्याकडे नोंद करते आणि मग 'दिवा लाव' अशी आज्ञा उलट कीबोर्डकडे पाठवते. तेव्हा कुठे दिवा लागतो. बोट आणि दिवा यांच्यामध्ये कीबोर्ड, मदरबोर्ड आणि ड्रायव्हर असा हा जातायेताचा प्रवास आहे.

१९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत हा परतीचा रस्ताच नव्हता. त्याच्या ८३ कळांच्या कीबोर्डकडून संगणकाकडे कळांचे क्रमांक येत. संगणकाला कीबोर्डला आज्ञा द्यायची सोय नव्हती आणि कीबोर्डवर असे दिवेही नव्हते. १९८४ मधील पीसी एटी या यंत्रात आयबीएमने मदरबोर्डवर इंटेलची ८०४२ ही छोटी नियंत्रक चिप बसवली आणि संवाद दुतर्फा केला. दिवे आले ते तेव्हापासून. १९८७ मधील पीएस/२ या संगणकांनी प्लगचा गोल आकार बदलला, संवादाची रीत मात्र तीच ठेवली. ८०४२ ही स्वतंत्र चिप मदरबोर्डवरून कधीच नाहीशी झाली. पण तिची नक्कल आजही अनेक लॅपटॉपच्या पोटात आहे. लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड सांभाळणारी चिप ऑपरेटिंग सिस्टिमपुढे जुन्या ८०४२ चेच सोंग घेऊन उभी असते. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीच्या या संवादाचे नियम आजच्या यंत्रालाही लागू पडतात. त्यातील दोषांसह.

संवाद दुतर्फा झाला आणि त्याबरोबरच वाट पाहण्याचा प्रश्न आला. एकतर्फी कीबोर्ड गप्प राहिला तर कोणी टंकलेखन करत नाही, एवढाच निष्कर्ष निघत असे. आज्ञा पाठवल्यावर मात्र तिची पोच अपेक्षित असते.

दोन खिडक्या आणि एक पाटी

ड्रायव्हर आणि ८०४२ यांच्यातील व्यवहार दोन पोर्टांमधून चालतो. षोडशमान पद्धतीत त्यांचे क्रमांक ६० आणि ६४. साठ क्रमांकाच्या पोर्टातून प्रत्यक्ष माहितीची देवाणघेवाण होते. चौसष्ट क्रमांकाचे पोर्ट वाचले की एक स्थितिदर्शक बाइट मिळतो. ही जणू खिडकीवर लावलेली पाटी. या बाइटमधील एक बिट सांगतो, की 'तुमच्यासाठी माहिती आली आहे, घेऊन जा.' दुसरा सांगतो, की 'तुम्ही दिलेले मी अजून उचललेले नाही, आता आणखी देऊ नका.' वेळेत उत्तर न आल्याचे आणि बिटांची बेरीज न जुळल्याचे सांगणारे आणखी दोन बिट त्यात आहेत.

नवख्या प्रोग्रामरने ड्रायव्हर लिहायला घेतला तर तो साहजिकच असे लिहील: माहिती आल्याचा बिट एक होईपर्यंत पुन्हा पुन्हा पाटी वाचत राहा, तो एक झाला की साठ क्रमांकाचे पोर्ट वाचा. कीबोर्ड जोडलेला आणि सुस्थितीत असेल तर हे अगदी बिनचूक चालते. शिकाऊ ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत असा मजकूर सर्रास आढळतो. पण कीबोर्ड गप्प बसला, की हा फेरा कधीच संपत नाही. आणि हा फेरा साध्या कार्यक्रमातील नव्हे, कर्नलमधील असतो. लिनक्समध्ये कंट्रोलरला आज्ञा देताना त्या प्रोसेसरवरील इंटरप्ट, म्हणजे अन्य उपकरणांनी लक्ष वेधण्यासाठी दिलेले संकेत, तेवढ्या वेळापुरते थोपवून धरलेले असतात. तेवढ्या वेळात डिस्कचे, नेटवर्कचे, घड्याळाचे काम त्या प्रोसेसरपुरते खोळंबते. दोन-तीनशे रुपयांच्या कीबोर्डची एक तार तुटल्याने सारा संगणक गोठून जाणे, हा या निष्काळजी फेऱ्याचा परिणाम.

म्हणून प्रत्येक प्रतीक्षेला मुदत घालणे, हा ड्रायव्हर लेखनातील पहिला धडा. लिनक्सचा ड्रायव्हर पाटी वाचतो, हवा तो बिट दिसला नाही तर ५० मायक्रोसेकंद थांबतो आणि पुन्हा वाचतो. असे जास्तीत जास्त १० हजार वेळा. हिशेब केल्यास ही मुदत अर्ध्या सेकंदाची भरते. माणसाला अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही. प्रोसेसरच्या दृष्टीने हा प्रदीर्घ काळ आहे. तरीही तो मोजला जातो, कारण मंद कंट्रोलरला पुरेसा वेळ मिळावा आणि मृत कंट्रोलरपायी यंत्र कायमचे अडकू नये, या दोन्ही गोष्टी साधायच्या असतात.

येथे एक चकवा आहे. पीसीमध्ये ज्या पोर्टावर कोणतेच उपकरण नाही ते वाचले, की साधारणतः सर्वच्या सर्व बिट एक असलेला बाइट हाती येतो. म्हणजे कंट्रोलर अस्तित्वातच नसेल तर पाटीवरचा 'माहिती आली आहे' हा बिटही एकच दिसणार! रिकामे घर 'आत या' म्हणते, असा हा प्रकार. मुदत घालून हा चकवा टळत नाही, कारण वाट पाहावीच लागत नाही. ड्रायव्हर माहिती वाचतो, पाटी पुन्हा पाहतो, आणखी माहिती असल्याचे दिसते, ती वाचतो, आणि हे असेच चालू राहते. लिनक्सने यावर काढलेला तोडगा साधा आहे. सुरुवातीला साचलेली जुनी माहिती उपसून टाकताना ड्रायव्हर १६ बाइटपर्यंतच उपसतो. तेवढे उपसूनही पाटी 'आणखी आहे' असेच म्हणत असेल, तर समोर कंट्रोलर नाही असा निष्कर्ष काढून तो बाजूला होतो. खरा कंट्रोलर एवढी माहिती साठवून ठेवत नाही, हे त्यामागचे गमक.

'तू कोण?' या प्रश्नाचे उत्तर

कंट्रोलर भेटला म्हणजे कीबोर्ड भेटला असे नव्हे. कंट्रोलर मदरबोर्डवर असतो, तर कीबोर्ड तारेच्या दुसऱ्या टोकाला. त्यामुळे चौकशीचा दुसरा टप्पा सुरू होतो. पाठवलेल्या प्रत्येक बाइटला कीबोर्डने 'एफए' या बाइटने पोच द्यायची असते. बाइट नीट पोहोचला नसेल तर त्याने 'एफई', म्हणजे 'पुन्हा पाठवा', असे म्हणायचे. या पोचेसाठी ड्रायव्हर २०० मिलिसेकंद थांबतो. सर्व काही नव्याने सुरू करण्याची आज्ञा मात्र वेगळी. ती मिळाल्यावर कीबोर्ड स्वतःची चाचणी घेतो आणि ती यशस्वी झाल्यास 'एए' हा बाइट पाठवतो. या आज्ञेच्या पोचेसाठी एक सेकंद आणि तिच्या निकालासाठी चार सेकंदांपर्यंत मुभा आहे. काही उपकरणे आधी पोच देऊन मग चाचणी करण्याऐवजी आधी चाचणी करतात आणि मग पोच देतात, असा अनुभव आल्याने ही सवलत वाढवावी लागली. मुदतीचे हे आकडे कोणा एका ग्रंथातून उतरवलेले नाहीत. बाजारात आलेल्या उपकरणांच्या लहरी सोसून ते ठरत गेले आहेत.

त्यानंतर ड्रायव्हर कीबोर्डला त्याची ओळख विचारतो. नेहमीचा कीबोर्ड 'एबी' आणि '८३' असे दोन बाइट देतो. ही चौकशी करण्याचे एक व्यावहारिक कारण आहे. त्याच प्रकारच्या पोर्टात माऊसही असू शकतो आणि माऊसला कीबोर्डच्या आज्ञा देण्यात अर्थ नसतो. पण काही जुने एटी कीबोर्ड या प्रश्नाला उत्तरच देत नाहीत. ते सुस्थितीत असतात, कळा नीट चालतात, फक्त स्वतःची ओळख सांगत नाहीत. अशा वेळी 'उत्तर नाही म्हणजे कीबोर्ड नाही' असे मानले तर चांगल्या कीबोर्डवर अन्याय होईल.

येथे पुन्हा तो दिवा मदतीला येतो. ओळख विचारूनही उत्तर आले नाही, तर ड्रायव्हर दिवे विझवण्याची आज्ञा देऊन पाहतो. ही आज्ञा साऱ्याच कीबोर्डना कळायला हवी, असा त्यामागचा तर्क आहे. शिवाय सुरुवातीला दिवे विझलेले हवेच असतात, तेव्हा ही चाचणी करताना कामही उरकते. या आज्ञेची पोच आली, की समोर कीबोर्ड आहे असे मानून पुढे जायचे. तीही आली नाही, तरच नाद सोडायचा.

हा क्रम कित्येक वर्षे निर्वेध चालला. पुढे काही नव्या लॅपटॉपनी तो उलटवला. ओळख विचारताच त्यांच्यातील कीबोर्ड सांभाळणारी चिप गोंधळून जाई आणि त्यानंतर कळा काम करेनाशा होत. म्हणजे कीबोर्ड जिवंत आहे का हे पाहण्यासाठी विचारलेला प्रश्नच त्याला गप्प करत होता. २०२३ च्या अखेरीस लिनक्सच्या विकासकांनी लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डला हा प्रश्न विचारणे सोडून देण्याचे ठरवले. त्यातील युक्तिवाद पटण्याजोगा होता. अशा लॅपटॉपवर तो कंट्रोलर ज्या पद्धतीने जोडलेला असतो, त्या पद्धतीत तेथे माऊस असण्याची शक्यताच नसते. मग ओळख विचारायची कशाला?

पण या दुरुस्तीने वेगळाच घोळ घातला. ओळखीचा प्रश्न वगळताना त्याच्या मागोमाग जाणारी, कीबोर्डला क्षणभर स्तब्ध ठेवण्याची आज्ञाही वगळली गेली. ही आज्ञा देण्याचे कारण असे, की जुळवाजुळव सुरू असताना कोणी कळ दाबली, तर त्या कळीचे क्रमांक आणि कीबोर्डची उत्तरे एकमेकांत मिसळू नयेत. ती आज्ञा गेल्यावर, आधी व्यवस्थित चालणाऱ्या काही लॅपटॉपचे कीबोर्ड झोपेतून उठल्यावर मुके झाले. जानेवारी २०२४ मध्ये ती आज्ञा परत आणण्यात आली. एका गटाचे दुखणे बरे करताना दुसऱ्याला दुखापत होणे, ही ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. जगात कीबोर्ड किती प्रकारचे आहेत याची पूर्ण यादी कोणाजवळच नाही. प्रत्येक बदलाची खरी परीक्षा तो लोकांच्या घरी पोहोचल्यावरच होते.

हात टेकायचे की नाही?

मुदत संपली, उत्तर आले नाही. पुढे काय? या प्रश्नावर ड्रायव्हरचा स्वभाव कळतो. कंट्रोलरला स्वतःची चाचणी घेण्यास सांगितले, की त्याने '५५' हा बाइट द्यावा असा नियम आहे. काही नाजूक यंत्रांवर पहिल्या खेपेस हे उत्तर येत नाही, म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर मध्ये थोडा थोडा वेळ देऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. तरीही चाचणी अयशस्वी ठरली, तर इतर प्रकारच्या प्रोसेसरांवर तो अपयश मान्य करून थांबतो. आपल्या परिचयाच्या पीसी घराण्यातील यंत्रांवर मात्र तो अपयशाची नोंद करतो आणि तरीही पुढे जातो! चाचणीत नापास झालेला कंट्रोलर कदाचित कळांचे क्रमांक नीट पोहोचवेल, ही आशा त्यामागे आहे.

शिस्तीच्या दृष्टीने हे आक्षेपार्ह वाटेल. पण दोन्ही बाजूंचे नुकसान तोलून पाहिले, की निर्णय योग्य वाटतो. बिघडलेल्या कंट्रोलरला चालू मानले तर फार तर काही सेकंद वाया जातील आणि नोंदवहीत चार त्रुटी उमटतील. चालू कंट्रोलरला बिघडलेला मानले तर लॅपटॉपच्या मालकाच्या हाती कीबोर्डच उरणार नाही. त्याला पासवर्ड टाकता येणार नाही, दुरुस्तीची आज्ञा देता येणार नाही, तक्रारसुद्धा त्या यंत्रावरून लिहिता येणार नाही. डिस्क किंवा ध्वनीचे कार्ड हरवले तर निदान कीबोर्डवरून उपाय करता येतो. कीबोर्ड हरवला तर उपायाचे साधनच गेले.

याच्या नेमकी उलट गरज सर्व्हरची. डेटा सेंटरमध्ये रांगेने उभ्या असलेल्या यंत्रांना कीबोर्ड जोडलेलाच नसतो. तेथे कीबोर्ड नाही म्हणून यंत्र एफ-१ ची वाट पाहत उभे राहिले, तर ते अनर्थकारकच. म्हणूनच बायोसच्या जुन्या सेटिंगमध्ये 'कीबोर्ड वगळता अन्य कोणतीही चूक आढळल्यास थांबा' असा खास पर्याय ठेवलेला असे. गप्प कीबोर्डचा अर्थ यंत्र कोठे उभे आहे यावरही अवलंबून असतो, तो असा.

चालता चालता मुका

सुरुवातीची सारी परीक्षा पार पडली तरी धोका संपत नाही. कामाच्या भरात कीबोर्ड अचानक थांबणे, हा प्रकार वापरणाऱ्याला सर्वाधिक वैताग देणारा. त्याच्या काही कारणांचा थेट संबंध ड्रायव्हरशी येतो.

कळ दाबली, की कंट्रोलर प्रोसेसरला एक क्रमांकाच्या इंटरप्टने हाक मारतो. जुन्या पीसीच्या रचनेत ही हाक म्हणजे तारेवरील विजेच्या पातळीत होणारा बदल. बदलाचा तो क्षण हुकला, तर पुन्हा हाक येण्यासाठी आधीची माहिती कोणीतरी उचलायला हवी. ती उचलण्यासाठी हाक यायला हवी. हा तिढा पडला, की कितीही कळा बडवल्या तरी उपयोग होत नाही. कीबोर्ड चांगला, कंट्रोलर चांगला, ड्रायव्हरही चांगला, आणि तरीही सारे ठप्प. यावर उपाय म्हणून लिनक्सच्या २.६ मालिकेतील सुरुवातीच्या आवृत्त्यांत एक टायमर होता. हाक आली नसली तरी तो ठरावीक काळाने खिडकीवर जाऊन पाटी पाहून येई.

दुसरा प्रकार अर्धवट बातमीचा. कळ दाबल्यावर एक क्रमांक येतो आणि सोडल्यावर दुसरा. इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहिताना 'क' हे अक्षर इंग्रजी 'के'च्या कळीवर असते. 'क' आणि 'के' यांतला फरक ड्रायव्हरला ठाऊक नसतो, तो ठरतो वरच्या थरात. पीसीच्या पहिल्या संचानुसार ही कळ दाबल्यावर ३७ आणि सोडल्यावर त्यात १२८ मिळवून १६५ हा क्रमांक येतो. यांतला १६५ वाटेत हरवला, तर संगणकाच्या लेखी कळ दाबलेलीच राहते आणि पडद्यावर 'कककक' अशी रांग लागू शकते. प्रेषणात बिट बिघडल्याचे कंट्रोलरने सांगितले, तर पीसी घराण्याबाहेरच्या यंत्रांवर ड्रायव्हर 'पुन्हा पाठव' अशी विनंती करतो, पण ती लागोपाठ करत नाही. बिघडलेल्या तारेवर विनंत्यांचा मारा करत राहिल्याने काही साधत नाही.

तिसरे कारण म्हणजे पुन्हा तो दिवा. काही कंट्रोलर इतके मंद असतात, की दिवे लावण्या-विझवण्याच्या आज्ञा भराभर आल्या तर कळांची माहिती गाळू लागतात, क्वचित सारीच गिळून टाकतात. म्हणून लिनक्सच्या ड्रायव्हरने दिव्यांच्या दोन आज्ञांमध्ये ५० मिलिसेकंदांचे अंतर राखण्याचा नियम केला. शिवाय या आज्ञा कळ आल्याच्या त्याच क्षणी दिल्या जात नाहीत. पोचेची वाट पाहावी लागणार असल्याने त्या मागून, सवडीच्या रांगेत टाकल्या जातात. इंटरप्ट हाताळताना कोणाच्याही उत्तरासाठी थांबायचे नाही, हा कर्नलमधला कडक दंडक आहे.

यूएसबीची रीत वेगळी

यूएसबी कीबोर्डच्या बाबतीत मूळ अडचणच बऱ्याच अंशी सुटली. तेथे कीबोर्ड आपणहून बोलत नाही. संगणक दर काही मिलिसेकंदांनी त्याला 'काही नवीन?' असे विचारतो. नवीन काही नसेल तर कीबोर्डने तसे स्पष्ट सांगायचे असते. म्हणजे 'सांगण्यासारखे काही नाही' आणि 'मी येथे नाही' या दोन गोष्टी यूएसबीत वेगळ्या ऐकू येतात. पीएस/२ मध्ये त्या दोन्हींचा आवाज सारखाच, म्हणजे शून्य. चाळीस वर्षांच्या डोकेदुखीचे मूळ या एका फरकात आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

अर्थात येथेही एक संदिग्धता उरतेच. तारेतील क्षणिक गडबड आणि कोणीतरी प्लग उपटणे, या दोन्हींची पहिली खूण एकच असते, ती म्हणजे प्रेषणातील चूक. लिनक्सचा ड्रायव्हर त्यामुळे लगेच निष्कर्ष काढत नाही. पहिल्या चुकीनंतर तो १३ मिलिसेकंद थांबून पुन्हा विचारतो, नंतर २६, मग ५२ आणि पुढे १०४ मिलिसेकंदांच्या अंतराने. प्लग खरोखरच निघाला असेल तर तेवढ्यात यूएसबीचा हब ते कळवतो आणि प्रश्न मिटतो. सुमारे एक सेकंद उलटूनही चुका थांबल्या नाहीत आणि उपकरण जोडलेलेच दिसत असेल, तर ते पोर्टच नव्याने सुरू केले जाते. वापरणाऱ्याला एवढेच जाणवते, की कीबोर्ड क्षणभर अडखळला.

वापरणाऱ्याच्या हाती काय?

संगणक गोठल्यासारखा वाटला, तर आधी कॅप्स लॉक दाबून पाहावे. दिवा बदलला, तर कीबोर्ड, कंट्रोलर आणि ड्रायव्हर ही साखळी जाग्यावर आहे आणि अडकले आहे ते वरचे एखादे सॉफ्टवेअर. दिवा बदलला नाही, पण माऊसचा बाण फिरतो आहे, तर संशय कीबोर्डवर. दोन्ही ठप्प असतील तर बहुधा सारी ऑपरेटिंग सिस्टिमच गोठलेली असते. ज्या कीबोर्डवर असा दिवाच नाही, तेथे अर्थातच ही खूण उपयोगाची नाही.

लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड मुका झाला असल्यास बाहेरून यूएसबी कीबोर्ड जोडून पाहावा. दोघांचे रस्ते वेगळे असल्याने दुसरा सहसा चालतो आणि निदान काम जतन करता येते. गोल प्लगचा पीएस/२ कीबोर्ड मात्र संगणक चालू असताना काढू-घालू नये. त्या पोर्टाची रचनाच चालू यंत्रावर जोडणी करण्यासाठी झालेली नाही.

लिनक्स वापरणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. कर्नलच्या नोंदीत 'आय-८०४२' हा शब्द शोधल्यास ड्रायव्हरने कोणत्या टप्प्यावर काय ठरवले ते वाचता येते. संगणक सुरू होताना कर्नलला काही सूचनाही देता येतात. 'आय-८०४२ डॉट रिसेट' ही सूचना दिल्यास कंट्रोलरला नव्याने सुरू केले जाते. 'आय-८०४२ डॉट नोटाइमआउट' ही सूचना मुदत संपल्याची खोटी आवई उठवणाऱ्या कंट्रोलरसाठी आहे. 'आय-८०४२ डॉट डम्बकेबीडी' ही सूचना दिली, की ड्रायव्हर कीबोर्डला एकही आज्ञा पाठवत नाही, नुसते ऐकतो. ओळख विचारताच गोंधळणारे लॅपटॉप या सूचनेने चालू लागत. त्याची किंमत म्हणून कॅप्स लॉकचा दिवा मात्र कायमचा विझे. २०२० नंतरचा लॅपटॉप १९८१ च्या एकतर्फी कीबोर्डच्या पातळीवर आणून ठेवणारा हा उपाय आहे, पण चालणारा आहे. एखाद्या विशिष्ट मॉडेलला अमुक सूचना लागते असे विकासकांना कळवल्यास ते मॉडेल ड्रायव्हरमधील अपवादांच्या यादीत जाते आणि पुढच्या आवृत्तीत ती सूचना हाताने द्यावी लागत नाही. ही यादी वर्षागणिक लांबतच चालली आहे.

कर्नलमध्येच सावरण्यापलीकडची चूक झाली आणि पडद्यावर काही दाखवणेही शक्य नसले, तर लिनक्स याच दिव्यांचा आधार घेतो. पीएस/२ पद्धतीच्या कीबोर्डवरील कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे तो एकाच वेळी लुकलुकवू लागतो. 'यंत्र संपले, आता बंद करून पुन्हा सुरू करा' असा त्याचा अर्थ. त्या अखेरच्या अवस्थेत पोच आली का, हे कोणी पाहत नाही आणि ती आली तरी तिच्याकडे दुर्लक्ष केले जाते. पण खिडकीवरची पाटी तेव्हाही वाचली जाते. कंट्रोलर आधीचे उचलायला तयार नसेल, तर ड्रायव्हर त्याच्यासाठी थांबतो. सुमारे १० मिलिसेकंदच, त्याहून अधिक नाही.